मूत्रपिंडात पाण्याचा पंप नसतो

काकडी चिरून मीठ लावून ठेवली की दहा मिनिटांत ताटलीत पाणी सुटतं. कुणी काकडी पिळलेली नसते. मीठ बाहेर होतं, म्हणून पाणी बाहेर आलं. मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये दिवसाला जवळजवळ १८० लिटर पाण्याची जी ये-जा चालते ती सगळी याच नियमावर चालते. पाणी उचलून इकडून तिकडे नेणारा, त्यासाठी एटीपी (पेशीचं इंधन) खर्च करणारा पंप नेफ्रॉनमध्ये, म्हणजे गाळणी आणि तिची नलिका मिळून होणाऱ्या मूत्रपिंडाच्या एककात, कुठेच नाही. पंप आहे तो सोडियमला. पाणी फक्त मागून जातं, तेही वाट असेल तरच.

हे वाक्य प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं, पण ते तिथेच सोडून पुढे ट्रान्सपोर्टरांची, म्हणजे पेशीत पदार्थ नेणाऱ्या प्रथिनांची, यादी पाठ केली जाते, आणि मग ‘थायझाइडने रक्तातलं सोडियम घसरतं, फ्युरोसेमाइडने तितकं का घसरत नाही?’ असा लघवी वाढवणाऱ्या दोन औषधांबद्दलचा साधा प्रश्न आला की गाडी अडते. माझं म्हणणं असं की नलिकेच्या प्रत्येक टप्प्यावर दोनच प्रश्न विचारावेत. सोडियम पेशीत कोणत्या दाराने शिरतं? आणि त्याच्यामागून पाण्याला जायला वाट आहे का? यादी आपोआप लक्षात राहते आणि औषधांचे परिणामही मांडता येतात.

आधी हिशोब

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो, म्हणजे दिवसाला १८० लिटर. रक्तद्रव आपल्याकडे असतो जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा गाळला जातो. या गाळलेल्या द्रवात लिटरला १४० मिलीमोल सोडियम असतं. १८० गुणिले १४०, म्हणजे २५,२०० मिलीमोल. मिठात मोजलं तर जवळपास दीड किलो. मिठाची एक किलोची पिशवी आणि वर अर्धी, एवढं मीठ रोज नलिकेत उतरतं.

बाहेर किती जातं? आपण खाल्लं तेवढंच. रोज दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्या माणसाच्या लघवीत साधारण १७० मिलीमोल सोडियम जातं, म्हणजे गाळलेल्याच्या ०.७ टक्के. उरलेलं ९९.३ टक्के परत घेतलं जातं.

आता यात एक टक्क्याची चूक झाली तर? २५,२०० चा एक टक्का २५२ मिलीमोल. शरीरातल्या पेशीबाह्य द्रवात लिटरला १४० मिलीमोल सोडियम, म्हणजे १.८ लिटर पेशीबाह्य द्रव एका दिवसात कमी. दोन दिवस असंच चाललं तर माणूस उभा राहिल्यावर चक्कर येऊन पडेल. नलिकेच्या कामात टक्क्याचा दहावा भागही मोजावा लागतो, आणि म्हणूनच या कामावर एकावर एक इतकी नियंत्रणं बसवलेली आहेत.

पंप रक्ताच्या बाजूला आहे

नलिकेची भिंत एका थराच्या पेशींची असते. पेशीची एक बाजू नलिकेच्या पोकळीकडे, दुसरी रक्ताकडे. सोडियम-पोटॅशियम पंप जवळजवळ सगळाच रक्ताच्या बाजूला बसलेला असतो. एक एटीपी खर्चून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हे विकर ओळखलं, आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा पंप अखंड चालू असल्यामुळे पेशीतलं सोडियम दहा-पंधरा मिलीमोलच्या आसपास राहतं, तर बाहेर १४०. शिवाय पेशीचा आतला भाग विद्युतदृष्ट्या ऋण. म्हणजे पोकळीतल्या सोडियमला पेशीत उतार लागलेला असतो. दार मिळालं की ते आत घरंगळतं. कोणत्या टप्प्यावर कोणतं दार बसवलंय, एवढाच फरक. एका पंपाने केलेल्या उतारावर ग्लुकोज, अमिनो आम्लं, फॉस्फेट, क्लोराइड, बायकार्बोनेट अशी सगळी मंडळी सोडियमचा हात धरून परत येतात.

मूत्रपिंडं शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा तिकडे जातो. ती वापरतात त्या ऑक्सिजनचा बहुतेक भाग या पंपांवरच खर्च होतो. रक्तपुरवठा घटला की नलिका आधी का मरतात, त्याचं उत्तर इथे आहे.

निकटस्थ नलिका: भरपूर काम, मोघम हिशोब

गाळलेल्या सोडियमपैकी आणि पाण्यापैकी सुमारे ६५ टक्के नलिकेच्या या पहिल्या टप्प्यातच परत जातं. मुख्य दार एनएचई-३: सोडियम आत, हायड्रोजन बाहेर. बाहेर आलेला हायड्रोजन बायकार्बोनेटला भेटतो आणि कार्बोनिक अॅनहायड्रेजच्या मदतीने बायकार्बोनेट वाचवलं जातं. अॅसिटाझोलामाइड याच विकराला अडवतं. मात्र इथे अडवलेलं सोडियम पुढचे टप्पे बऱ्यापैकी उचलतात, म्हणून लघवी वाढवणारं औषध म्हणून ते दुबळं.

दुसरा प्रश्न विचारा: पाण्याला वाट आहे का? इथे तर महामार्ग आहे. पेशींच्या दोन्ही बाजूंना अॅक्वापोरिन-१ खच्चून भरलेले असतात. ही पाण्याची छिद्रं पीटर अॅग्रे यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये सिद्ध केली, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. सोडियम निघालं की त्याच क्षणी पाणी निघतं. त्यामुळे निकटस्थ नलिकेच्या शेवटी द्रव एक-तृतीयांश उरलेला असतो, पण त्याची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, सुरुवातीला होती तीच, जवळपास ३०० मिलीऑस्मोल. घट्ट नाही, पातळ नाही.

ग्लुकोजचं दार या नलिकेच्या सुरुवातीलाच आहे. दिवसाला १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं. त्यातलं ९० टक्के एसजीएलटी-२ उचलतं, एका सोडियमबरोबर एक ग्लुकोज. उरलेलं पुढच्या भागातलं एसजीएलटी-१ उचलतं, पण त्याला एका ग्लुकोजसाठी दोन सोडियम लागतात. ग्लुकोज जितकं विरळ, तितका ओढायला जोर जास्त हवा, म्हणून दोन. हेच एसजीएलटी-१ लहान आतड्यात असतं आणि ओआरएस त्याच्यावरच चालतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं, ते याच दारातून आत गेलं. आजच्या ओआरएसमध्ये सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलीमोल असतं. घरी करताना साखर अंदाजाने वाढवली की हे बिघडतं: जास्तीची साखर आतड्यात राहते आणि पाणी उलटं आतड्यात ओढते.

सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलं गेलं होतं. ते एसजीएलटीला अडवतं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं त्याचीच आजची भावंडं. मधुमेहात साखर जास्त, म्हणून साखरेबरोबर सोडियमही सुरुवातीलाच जास्त उचललं जातं. पुढे नलिकेतलं मीठ मोजणाऱ्या मॅक्युला डेन्साच्या पेशींना मीठ कमी पोचतं, त्या ‘गाळण अपुरं आहे’ असं समजतात आणि ग्लोमेरुलसमधला, म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातला, दाब वाढतो. औषधाने मीठ पुन्हा पुढे पोचतं आणि दाब उतरतो. सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (गाळण घटलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) किंचित वर जातं ते याच कारणाने. लगेच घाबरून औषध थांबवू नये. उलट्या, उपास, मोठी शस्त्रक्रिया अशा वेळी मात्र डॉक्टरांना विचारून ते थांबवायचं असतं, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही किटोअॅसिडोसिस (रक्तात किटोन आम्लं साठणं) होऊ शकतो.

हेन्लेचा लूप: मीठ आणि पाण्याची फारकत

माझ्या मते सगळ्या शरीरक्रियाशास्त्रात याच्याइतकी सुंदर रचना क्वचितच असेल. तोवर मीठ आणि पाणी बरोबरीने चाललेले असतात. इथे नलिका मूत्रपिंडाच्या आतल्या भागात खाली उतरते, वळते आणि परत वर चढते, आणि पहिल्यांदा त्यांना वेगळं केलं जातं.

उतरणाऱ्या बारीक भागात पाण्याला वाट आहे, मिठाला जवळपास नाही. चढणाऱ्या जाड भागात नेमकं उलट: मीठ बाहेर जातं, पाण्याचा थेंबही जात नाही. तिथे पोकळीच्या बाजूला अॅक्वापोरिन नसतात आणि पेशींमधले सांधे पाणी जाऊ देत नाहीत.

चढणाऱ्या जाड भागातल्या एकाच पेशीजवळ थांबू. दाराचं नाव एनकेसीसी-२. एका फेरीत एक सोडियम, एक पोटॅशियम, दोन क्लोराइड आत. अडचण अशी की पोकळीत पोटॅशियम असतं लिटरला अवघं चार-पाच मिलीमोल, आणि सोडियम त्याच्या कितीतरी पट. पोटॅशियम संपलं की दार बंद पडणार. म्हणून त्याच भिंतीत रॉम्क नावाचा पोटॅशियमचा मार्ग आहे, आत आलेलं पोटॅशियम तिथून परत पोकळीत सोडलं जातं आणि पुन्हा वापरलं जातं. धनभारित पोटॅशियम परत आल्यामुळे पोकळी किंचित धन होते, आणि त्या भाराने कॅल्शियम व मॅग्नेशियम पेशींच्या सांध्यांमधून रक्ताकडे ढकलले जातात. फ्युरोसेमाइड एनकेसीसी-२ अडवतं, तेव्हा ही सगळी साखळी एकदम थांबते: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळंच लघवीत जातं. जन्मतः या साखळीतला एखादा दुवा बिघडला असेल तर बार्टर सिंड्रोम होतो. त्या मुलांचं चित्र असं, जणू कुणी त्यांना रोज फ्युरोसेमाइड देतंय.

आता गाभा. एक पेशी आपल्या दोन बाजूंमध्ये फार तर २०० मिलीऑस्मोलचा फरक करू शकते. मग मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या टोकाला १२०० पर्यंत घट्टपणा कसा येतो? पायरीपायरीने बघा.

सुरुवातीला सगळीकडे ३००. चढणारा भाग मीठ बाहेर टाकतो: त्याच्या आत २०० होतं, बाहेरच्या ऊतीत ४००. उतरणाऱ्या भागातून पाणी बाहेर येतं, तिथला द्रवही ४०० होतो. मग वरून नवा ३०० चा द्रव येतो आणि खालचा ४०० चा द्रव वळण घेऊन चढणाऱ्या भागात शिरतो. आता पंपाची सुरुवातच ४०० पासून. तो पुन्हा २०० चा फरक करतो: आत ३००, बाहेर ५००. उतरणारा भाग ५०० होतो, तो द्रव वळतो, आणि पुन्हा तेच. छोटा फरक, पण तो द्रवाच्या वाहण्यामुळे टोकाकडे साठत जातो. कागदावर लूप काढून चार फेऱ्या स्वतः भरून बघा. नुसतं वाचून हे कळत नाही, आकडे भरताना कळतं.

बाझलमध्ये विर्त्स, हारगिटाय आणि कून यांनी १९५१ मध्ये याचा पुरावा दिला. उंदराच्या मूत्रपिंडाचे गोठवलेले काप घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली कुठला भाग कोणत्या तापमानाला वितळतो ते पाहिलं. द्रव जितका घट्ट, तितका तो कमी तापमानाला वितळतो. बाहेरच्या थराकडून, म्हणजे कॉर्टेक्सकडून, आतल्या टोकाकडे जाताना वितळणबिंदू घसरत गेला, मग तो भाग लूपचा असो की संग्राहक नलिकेचा, म्हणजे शेवटच्या टप्प्याचा.

१२०० मधला जवळपास निम्मा वाटा युरियाचा असतो. प्रथिनं फार कमी खाणाऱ्या माणसात युरिया कमी बनतो, आणि त्याची लघवी पुरेशी घट्ट होत नाही. आणखी एक: आतल्या भागातल्या रक्तवाहिन्याही लुपासारख्याच वळलेल्या आणि प्रवाह मंद, नाहीतर साठवलेलं मीठ रक्ताबरोबर धुऊन निघालं असतं. त्याची किंमत म्हणजे तिथे ऑक्सिजन जेमतेम असतो, १० ते २० मिलिमीटर पारा, आणि जवळच जाड भागाचे पंप पूर्ण जोरात चालू असतात. रक्तदाब कोसळला की पहिला फटका इथे बसतो.

गाळलेल्या सोडियमपैकी साधारण २५ टक्के लुपात परत जातं. बाहेर पडणारा द्रव १०० मिलीऑस्मोलच्या आसपास, म्हणजे रक्तापेक्षा पुष्कळ पातळ. लघवी घट्ट करणारा टप्पा तिला आधी पातळ करतो, हे ऐकायला उलटं वाटतं, पण पुढे हेच कामाला येतं.

लुपानंतरच्या दूरस्थ नलिकेबद्दल थोडक्यात. दार एनसीसी, सोडियम-क्लोराइड जोडीने. सुमारे पाच टक्के सोडियम. पाण्याला वाट नाही. थायझाइड याला अडवतं. जन्मजात बिघाड म्हणजे गिटेलमन सिंड्रोम: पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी, पण लघवीत कॅल्शियमही कमी. बार्टरमध्ये लघवीत कॅल्शियम बहुधा जास्त असतं, दोघांना वेगळं ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

संग्राहक नलिका: दोन हार्मोन, दोन स्वतंत्र कुलपं

इथे उरलेलं सोडियम थोडंच असतं, पण बारीक हिशोब इथेच जुळवला जातो. सोडियमचं दार ईनॅक. अल्डोस्टेरॉन हे पहिलं हार्मोन ही दारं वाढवतं, पण जनुकांमार्फत, म्हणून तासभर तरी लागतो. एकटं सोडियम आत गेलं की पोकळी ऋण होते आणि पोटॅशियम बाहेर ओढलं जातं. फ्युरोसेमाइड किंवा थायझाइडने पोटॅशियम का कमी होतं, ते इथे कळतं: वरून ढिगाने सोडियम येतं, अल्डोस्टेरॉनही वाढलेलं असतं, ईनॅक जोरात चालतं आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम जातं. अमिलोराइड ईनॅक बंद करतं, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवतं, म्हणून ही दोन्ही पोटॅशियम वाचवतात. आणि म्हणूनच ती चालू असताना ‘अशक्तपणावर चांगलं’ म्हणून रोज नारळपाणी पिणं धोक्याचं.

पाण्याचं कुलूप वेगळं आहे. रक्ताची ऑस्मोलॅलिटी २८० ते २८५ च्या वर गेली की दुसरं हार्मोन, व्हॅसोप्रेसिन म्हणजे एडीएच, सुटतं. ते संग्राहक नलिकेच्या पेशींवर रक्ताच्या बाजूने व्ही-२ ग्राहकाला चिकटतं, आत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी वाढतं आणि पिशव्यांत ठेवलेले अॅक्वापोरिन-२ पोकळीच्या भिंतीवर येऊन बसतात. काही मिनिटांचं काम. वाट उघडली की पाणी आतल्या १२०० च्या ऊतीकडे ओढलं जातं. हार्मोन ओसरलं की पिशव्या परत आत.

दिवसाला साधारण ६०० मिलीऑस्मोल विद्राव्य पदार्थ बाहेर टाकायचेच असतात. सर्वांत घट्ट लघवी १२००, म्हणजे निदान अर्धा लिटर लघवी व्हायलाच हवी. सर्वांत पातळ ५०, म्हणजे ६०० ला ५० ने भागून १२ लिटर पाणी बाहेर टाकता येतं. आता घरात एकट्या राहणाऱ्या, दिवसभर चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्या आजी घ्या. प्रथिनं नाहीत, मीठ कमी, बाहेर टाकायचे पदार्थ २०० मिलीऑस्मोल. भागिले ५०: चार लिटर. तेही मूत्रपिंड अगदी तरुण असेल तर. त्या वयात लघवी ५० पर्यंत पातळ होत नाही, १०० पर्यंत झाली तर मर्यादा दोनच लिटर. कुणी तरी ‘भरपूर पाणी प्या’ सांगितलेलं असतं, तीन लिटर पाणी जातं आणि सोडियम १२० वर येतं. त्यांना पाणी कमी करायला सांगण्याइतकंच जेवायला घालणंही गरजेचं असतं. वरण-भात, एखादं अंडं, दही. विद्राव्य पदार्थ वाढले की पाण्याला बाहेर पडायला गाडी मिळते.

सुरुवातीचा थायझाइडचा प्रश्नही आता सुटतो. फ्युरोसेमाइड लुपात काम करतं, म्हणजे आतला १२०० चा साठाच मोडतं. एडीएचने वाट उघडली तरी पाण्याला ओढणारं काही उरत नाही. थायझाइड कॉर्टेक्समध्ये काम करतं. साठा शाबूत, पण द्रव पातळ करायचा शेवटचा टप्पा बंद. एडीएच सुटलं की पाणी परत खेचलं जातं आणि मीठ मात्र बाहेर जातं. म्हणून रक्तदाबासाठी थायझाइड सुरू केलेल्या सत्तरीच्या बारीक अंगाच्या बाईचं सोडियम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तपासायलाच हवं. गोंधळल्यासारखं बोलणं, मळमळ, तोल जाणं हे ‘वयाचं’ म्हणून सोडून देऊ नये.

मनोविकारावर दिलं जाणारं लिथियम ईनॅकच्या दारातून आत शिरतं आणि अॅक्वापोरिन-२ कमी करतं; तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. दार ओळखलं की उपाय कळतो: अमिलोराइड दिलं की लिथियमचं आत शिरणं कमी होतं.

फ्युरोसेमाइड चालत नाही तेव्हा

पाय सुजलेलेच आहेत, गोळी चालू आहे, फरक नाही. दरवेळी औषध ‘कमजोर’ नसतं. फ्युरोसेमाइड रक्तातून थेट काम करत नाही. ते प्रथिनांना चिकटलेलं असतं, निकटस्थ नलिकेच्या पेशी ते ओढून पोकळीत टाकतात, आणि तिथून ते लुपात पोचून एनकेसीसी-२ ला आतून अडवतं. वाटेत कुठेही अडकलं की परिणाम नाही. तोंडाने घेतल्यावर सरासरी निम्मंच रक्तात येतं, आणि हा आकडा माणसामाणसांत फार बदलतो. मूत्रपिंड खराब असेल तर पोकळीत टाकणं कमी पडतं.

शिवाय त्याला उंबरठा आहे. ४० मिलिग्रॅमने उंबरठा ओलांडला जात नसेल, तर तेच ४० दिवसातून तीनदा देऊन काही होत नाही. आधी एका वेळचा डोस उंबरठ्यापलीकडे न्यावा लागतो, मग किती वेळा द्यायचं ते ठरतं. परिणाम साधारण सहा तास टिकतो. उरलेल्या अठरा तासांत नलिका हपापल्यासारखी सोडियम परत घेते, आणि रात्रीच्या जेवणात पापड-लोणचं असेल तर सकाळी घालवलेलं सगळं परत आलेलं असतं. काही दिवसांनी दूरस्थ नलिकेच्या पेशी मोठ्या होतात, कारण त्यांच्याकडे रोज जास्त सोडियम येतं. तेव्हा थायझाइड जोडलं की लघवी एकदम सुटते, आणि पोटॅशियमही तितक्याच वेगाने घसरतं. ही जोडी घरी, रक्त न तपासता, चालवू नये.

हृदयविकाराच्या सुजेत शिरेतून औषध दिल्यावर दोन तासांनी लघवीतलं सोडियम मोजणं हा सर्वांत सोपा निकाल. ५० ते ७० मिलीमोलच्या खाली असेल तर डोस पुरेसा नाही; संध्याकाळपर्यंत वाट न बघता तो वाढवायचा असतो. आणि दुखण्यासाठी चालू असलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आहे का ते विचारायलाच हवं. त्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, नलिका मीठ धरून ठेवते, आणि रक्तदाबाची एसीई-प्रतिबंधक गोळी व फ्युरोसेमाइड यांच्या जोडीला त्या आल्या तर गाळणच कोसळू शकतं.

एफई-एनए आणि लेप्टो

लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढलं. नलिका जिवंत आहेत की मेल्या? ते एफई-एनए सांगतं, म्हणजे गाळलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत गेलं तो आकडा. सूत्र: लघवीतलं सोडियम गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं सोडियम गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, मग गुणिले शंभर. क्रिएटिनिनची दोन्ही मोजमापं एकाच एककात हवीत, आणि रक्त व लघवी एकाच वेळी घ्यावी.

उलट्या-जुलाबाने सुकलेला रुग्ण: लघवीत सोडियम १०, क्रिएटिनिन १००, रक्तात सोडियम १३५, क्रिएटिनिन २. उत्तर ०.१५ टक्के. नलिका शाबूत आहेत, मिठाचा कण सोडत नाहीत, त्यांना द्रव हवाय. दुसरा रुग्ण: लघवीत ७० आणि ४०, रक्तात १३६ आणि ४. उत्तर ५.१ टक्के. नलिकाच निकामी झाल्यात. एकच्या खाली आणि दोनच्या वर, अशी ढोबळ रेघ.

पण ही रेघ डोळे मिटून लावू नका. निरोगी माणसाचाच आकडा ०.७ आला होता, आठवा. गाळण चौथाई झालेला जुना मूत्रपिंडाचा रुग्ण तेच १७० मिलीमोल मीठ बाहेर टाकतो, पण गाळतो फक्त ६,३०० मिलीमोल. त्याचा आकडा २.७ येतो, आणि त्याच्या नलिकेला नवं काहीच झालेलं नसतं. फ्युरोसेमाइड घेतलेल्याचा आकडाही फसवा. तिथे युरियाचा हाच हिशोब करतात आणि ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर द्रवाची कमतरता धरतात.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत हा विचार फार कामाचा आहे. भातखाचरात किंवा तुंबलेल्या पाण्यात उतरलेला माणूस तापाने येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल, क्रिएटिनिन चार. मूत्रपिंड बंद पडलं की पोटॅशियम वाढतं, असं आपण शिकलेलो असतो. याचं पोटॅशियम मात्र कमी, ३.१ असतं आणि लघवी दोन लिटर. हा मेळ दिसला की लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग डोक्यात यायला हवा. हे जंतू निकटस्थ नलिकेत ठाण मांडतात. तिथलं सोडियमचं पुनर्शोषण घटतं. न उचललेलं सोडियम पुढे ईनॅकपर्यंत पोचतं, अंगातला द्रव कमी झाल्यामुळे अल्डोस्टेरॉनही वाढलेलं असतं, आणि पोटॅशियम लघवीतून जात राहतं. अशा रुग्णाला ‘क्रिएटिनिन वाढलंय’ म्हणून सवयीने पोटॅशियम बंद करणं चुकीचं. रोज मोजून, लागेल तसं द्यावं लागतं. लघवी दोन लिटर होतेय म्हणून तो द्रवाने भरलेला आहे असंही नाही. बऱ्याचदा तो सुकलेला असतो.

बरं होतानाचे दिवस वेगळ्या काळजीचे. गाळण परत सुरू होतं, नलिका अजून अर्धवट असतात आणि लघवी चार-पाच लिटरवर जाते. त्यातला काही भाग हा आधी दिलेल्या सलाइनचाच असतो. तेव्हा जेवढी लघवी तेवढं सलाइन असं थेंबाला थेंब भरत राहिलं तर लघवी कधीच कमी होत नाही. रोज वजन, उभं आणि झोपून रक्तदाब, दिवसातून निदान एकदा रक्तातलं सोडियम-पोटॅशियम, आणि लघवीतलं सोडियम एकदा तरी मोजायचं. ते ७५ च्या आसपास असेल तर ०.४५ टक्के सलाइन जवळचं, त्यात लिटरला ७७ मिलीमोल असतं, नेहमीच्या ०.९ टक्क्यात १५४. आणि वजन स्थिर, रक्तदाब ठीक असेल तर लघवीपेक्षा थोडं कमीच द्यायचं, म्हणजे नलिकांना पुन्हा सोडियम धरायला कारण मिळतं.